हुकलेली तीन वाक्यं

आमच्या गल्लीत अशी बोलवा होती की कमरूखाला समोरच्या माणसाकडं बघत बोटानं स्वतःच्या मांडीवर काहीतरी लिहिते, आणि ज्याच्याकडं बघून लिहिते त्याच्या घरात तीन दिवसांच्या आत काहीतरी बिघडतं. ही बोलवा सोडली शेजारच्या द्वारकाबाईंनी. त्यांचा आवाज मला चांगला जमतो. नाकातून सुरू होतो आणि शेवटी घशात जाऊन बसतो: "म्या माझ्या डोळ्यानं बघितलं गं. म्या बोलाया लागले की तिचं बोट चालू. म्या गप बसले की बोट गप. अन् दुसऱ्याच दिशी मिक्सर जळाला."

मिक्सर जळाला, कारण द्वारकाबाईंनी त्यात अख्खी हळकुंडं टाकली होती. बोटाचं मात्र खरं होतं. खाला लिहायचीच. भाजीवाल्याशी बोलताना, लग्नातलं भाषण ऐकताना, टीव्हीवरच्या बातम्या ऐकताना तिचं उजव्या हाताचं पहिलं बोट ओढणीखाली सरकत असायचं. ती जादूटोणा करत नव्हती. ती लघुलेखन करत होती, म्हणजे शॉर्टहँड. माणूस बोलेल त्या वेगानं वहीत रेघा आणि टिंबं ओढायची, आणि मग त्या रेघा वाचून बोलणं टाइप करायचं. कमरुन्निसा चांदपाशा शेख, वय चव्वेचाळीस, राहणार मुकुंदवाडी, हिचा मराठीचा वेग एके काळी मिनिटाला एकशेवीस शब्द होता. तसं सर्टिफिकेट तिच्याकडं आहे, साड्यांच्या खाली.

नोकरी तिनं सहा वर्षं केली, एका म्हाताऱ्या वकिलांकडं. वाळूजच्या कारखान्यात कामगारावर आरोप ठेवला की त्याला काढायच्या आधी चौकशी करावी लागते, आणि ती बाहेरचा वकील करतो. कामगार काय म्हणाला, कंपनीचा माणूस काय म्हणाला, हे सगळं कागदावर यावं लागतं. ते कागदावर आणायची खाला. मुलगी झाली, मुलगा झाला. मग सासू लकव्यानं पलंगाला खिळली. सासूनं चौदा वर्षं पलंग सोडला नाही आणि खालानं सासूचा पलंग सोडला नाही. सासू जाऊन दोन वर्षं झाली, मुलगी पुण्याला नर्सिंगला गेली, मुलगा याह्या होस्टेलला. घरात खाला, चांदपाशा चाचा आणि कुकर, एवढेच उरले. नोकरी सोडून सोळा वर्षं झाली होती.

ती परत नोकरीला लागली यात तिचा काही हात नाही. चाचा गाड्यांची सीटकव्हरं शिवतात. इंद्रजीत नावाचे एक वकील गाडी घेऊन आले. फोनवर कुणाला तरी सांगत होते की आमची स्टेनो सरकारी नोकरीला लागली, आता मराठी डिक्टेशन घेणारं माणूस मिळत नाही. चाचांनी तोंडातला दोरा काढला आणि आपल्या बायकोचा वेग सांगून टाकला. सोळा वर्षांपूर्वीचा, हे सांगायचं राहिलं. इंद्रजीत सर म्हणाले, एक तारखेपासून पाठवा, आठ दिवस बघू.

घरी येऊन चाचांनी पेढे ठेवले. खालानं पेढ्यांकडं बघितलं आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली. ओरडली नाही, रडली नाही. फक्त म्हणाली, "तुम्हाला कुणी विचारलं होतं?" त्यानंतर तिला उचकी लागली ती अर्धा तास थांबली नाही. पाणी प्यायली, साखर खाल्ली, श्वास कोंडला. त्यांची आणि आमची भिंत एकच, मी पलीकडून ऐकत होते. मग मी तिच्याकडं गेले.

मी अकरावीची परीक्षा देऊन रिकामीच होते. खालानं माझ्यापुढं पेपर टाकला, स्वतः कोरी वही घेतली आणि म्हणाली, बोल. एक तारखेला अजून सहा आठवडे होते. पहिल्या दिवशी मी पेपरातला अग्रलेख वाचला. मिनिटाला पस्तीस शब्द. तिनं वही मिटली आणि उठून भांडी घासायला गेली. भांडी घासलेलीच होती.

अग्रलेखात मजा नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी आवाज सुरू केले. द्वारकाबाई पाण्याच्या टँकरवाल्याशी भांडतात ते. चाचा गिऱ्हाइकाला रेक्झिन आणि लेदर यातला फरक समजावतात ते. एसटीच्या कंडक्टरनं जालना, जालना करत सुट्ट्या पैशांवरून एका म्हातारीला दिलेलं व्याख्यान. आमच्या प्राचार्यांचं पंधरा ऑगस्टचं भाषण, खोकल्यासकट. खाला हसत हसत लिहायची. मी मधेच आवाज बदलायचे, दोन माणसं एकदम भांडायला लावायचे. चौथ्या आठवड्यात ती साठवर आली, सहाव्यात पंच्याऐंशीवर. मला वाटलं, मी तिला तयार केलं. खरं म्हणजे मी तिला एक वाईट सवय लावून ठेवली होती, पण ते कळायला बुधवार उजाडावा लागला.

एक तारखेला सोमवार होता. खालानं मला सोबत नेलं. आत यायचं नाही, बाहेर बसायचं, एवढीच अट. जालना रोडवर शेअर रिक्षात बसल्यापासून ती पर्समधल्या पेन्सिली मोजत होती. तीनच होत्या, दोन्हीकडून टोक केलेल्या. तरी आकाशवाणी चौकापर्यंत तिनं त्या सहा वेळा मोजल्या. अदालत रोडला उतरल्यावर म्हणाली, माझे हात बघ, गार पडलेत का. जूनचं ऊन होतं. हात बर्फासारखे होते.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, मधे प्लायवूडची भिंत, ती छताला न टेकलेली. बाहेरच्या बाकावर बसलं की आतलं पान उलटलेलंसुद्धा ऐकू येतं. माझ्यासारखीला याहून काय पाहिजे. इंद्रजीत सरांचा आवाज मला पहिल्या तासात मिळाला: चार शब्द सावकाश, जणू तोंडात लाडू आहे, मग तो लाडू गिळून पुढचे तीस शब्द एका दमात. वाईट माणूस नव्हता. खालाला मॅडम म्हणत होता, तिच्या अंगावर पंखा फिरवून दिला. सोमवारी, मंगळवारी साधी पत्रं होती. कॉम्प्युटरची तिला धास्ती होती, पण कळफलक जुन्या टाइपरायटरसारखाच निघाला आणि बोटांना रस्ता आठवला. परत येताना रिक्षात ती एकदाही पेन्सिली मोजत नव्हती.

बुधवारी वाळूजच्या एका कारखान्याच्या चौकशीत पुंजारामचा जबाब होता.

पुंजाराम सोयगावकडचा, पन्नाशीचा, प्रेस मशीनवरचा कामगार. आरोप असा की परवानगी न घेता मशीन सोडून चाळीस मिनिटं गेला आणि पाळीचं काम बुडालं. सोबत बोलायला त्यानं कुणाला आणलं नव्हतं. कंपनीकडून अतुल नावाचा ऑफिसर आला होता. तरुण, प्रत्येक वाक्याच्या शेवटी "राइट?" म्हणणारा. दोन मिनिटांत तो मला पाठ झाला.

आता इथं कामाची रीत सांगितली पाहिजे. चौकशीत साक्षीदार बोलतो तेव्हा स्टेनो लिहीत नाही. वकील ऐकतो, मग स्टेनोकडं वळून ते नीट वाक्यांत सांगतो: 'मी असे सांगतो की', वगैरे. तेवढंच लिहायचं. साक्षीदार बोलत असताना पेन्सिल खाली ठेवायची. खालाला हे माहीत होतं, सहा वर्षं तिनं हेच केलं होतं. पण सहा आठवडे माझ्यासमोर बसून तिला अशी सवय झाली होती की कुणी तोंड उघडलं की पेन्सिल पळायची.

पुंजारामनं तोंड उघडलं आणि पेन्सिल पळाली. मला बाहेर ऐकू आलं, कागदावर खसखस खसखस. तो थांबला, सर लाडू तोंडात घेऊन सांगू लागले, आणि खाला अजून पुंजारामच्या मागच्या वाक्यावर होती. तिनं पान उलटून सरांना धरलं. पुंजाराम परत बोलला. पेन्सिल परत त्याच्यामागं गेली. मधे एकदा सरांनी लाडू गिळला, तीस शब्दांचा लोंढा आला, आणि खसखस एकदम थांबली. मग परत सुरू झाली, पण पुढच्या वाक्याला.

तिच्या जुन्या वकीलसाहेबांचा नियम होता: स्टेनोनं मान वर करायची नाही आणि पुन्हा सांगा म्हणायचं नाही. जिला ऐकू येत नाही तिनं घरी बसावं. सोळा वर्षं घरी बसून आलेल्या बाईला हा नियम किती लागत असेल, ते मी बाहेर बसून नुसतं समजू शकत होते. तिनं मान वर केली नाही.

जबाब टाइप करून दुसऱ्या दिवशी वाचायचा आणि सह्या घ्यायच्या, असं ठरलं. खाला साडेसहापर्यंत टाइप करत होती. बाहेर आली तेव्हा ओठ पांढरे पडलेले. घराच्या पायरीवर, दिवेलागणीला, चाचा दुकानातून यायच्या आत तिनं मला सांगितलं. सरांची तीन वाक्यं हुकली होती. वहीत ती जागा रिकामी होती. पण त्याच जागेचं पुंजारामचं बोलणं मात्र शब्द न शब्द उतरलं होतं. जागा मोकळी सोडली असती तर पकडली गेली असती. म्हणून तिनं तिथं पुंजारामची वाक्यं घातली, थोडी साफसूफ करून.

मला आधी हसू आलं. खाला हसली नाही, तेव्हा मी पण थांबले. तिनं सांगितलं की चौकशीच्या कागदावर माणसाची भाकरी असते. दोन्हीकडच्या सह्या झाल्यावर त्यातला शब्द हलत नाही. आणि तिनं, आठ दिवसांच्या बोलीवर आलेल्या बाईनं, त्यात हात घातला होता. उद्या कळलं तर नोकरी गेलीच. नाही कळलं तर त्याहून वाईट, असं तिचं म्हणणं. तिचं बोट ओढणीखाली चालू होतं, पण मी त्या वेळी काहीच बोलत नव्हते.

गुरुवारी तिला तिसऱ्यांदा उलटीसारखं झालं तेव्हा आम्ही क्रांती चौकात उतरून दहा मिनिटं उभ्या राहिलो. मी म्हटलं, परत जाऊ या. ती म्हणाली, नक्को, आणि चालायला लागली.

जबाब सर स्वतः मोठ्यानं वाचत होते. पहिलं पान गेलं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर त्यांचा आवाज अडखळला, आणि मग त्यांनी ते वाक्य सावकाश वाचलं: मी सुपरवायझरला दोन वेळा सांगितलं, तो म्हणाला जा, पण लवकर ये.

अतुलनं तिथंच अडवलं. काल सरांनी सांगितलं होतं ते 'मी सुपरवायझरला तोंडी कल्पना दिली' असं होतं, राइट? जा म्हणाला, हे नव्हतंच. त्याचा अर्थ परवानगी दिली असा होतो, राइट? पुंजाराम म्हणाला, "म्या तर ह्येच बोल्लो व्हतो, साहेब. कल्पना बिल्पना काय म्या बोल्लो नाय."

मग इंद्रजीत सर म्हणाले, आणि हे ते खरोखर चांगुलपणानं म्हणाले, "असेल. मीच तसं सांगितलं असेल. लक्षात नाही माझ्या. मॅडम, मी असं सांगितलं होतं ना?"

सुटका अशी ताटात वाढून कुणी देत नाही. नुसतं हो म्हणायचं होतं. वही दुसऱ्या कुणाला वाचता येत नव्हती. पुंजारामचंही भलं झालं असतं. बाहेर बाकावर मी ओठ हलवून म्हणत होते, हौ म्हण खाला, हौ म्हण. माझ्या तळहातांना बाकाच्या खिळ्यांचे वळ उठले होते.

खाला म्हणाली, "नाही, सर. तुमची तीन वाक्यं माझी हुकली. जागा रिकामी दिसू नये म्हणून मी ह्यांची घातली." तिचा आवाज इतका बारीक होता की माझ्यासारखीलासुद्धा कान द्यावा लागला. "हे बोलले ते सगळं वहीत आहे. तुमचं नाही."

अतुल म्हणाला, म्हणजे काल दिवसभराचं सगळंच बाद, राइट? सरांनी त्याला थांबवलं. खालाला वही वाचायला सांगितली, पुंजारामचं सगळं, त्याच्याच शब्दांत. ती वाचत गेली. सुरुवातीला शब्द तुटत होते, मग सरळ यायला लागले. पुंजाराम प्रत्येक वाक्याला व्हय म्हणत होता. शेवटी सर म्हणाले, 'कल्पना दिली' हे माझे शब्द, मी आखडून सांगितलं. अतुलला विचारलं, पुंजाराम काल असं बोलला की नाही. अतुल म्हणाला, बोलला. सरांनी ती जागा नव्यानं सांगितली, 'जा, पण लवकर ये' सकट. सह्या झाल्या. पुंजारामच्या चौकशीचा निकाल अजून यायचा आहे, त्याबद्दल मला काही माहीत नाही.

सगळे गेल्यावर सरांनी खालाला बसायला सांगितलं. लाडू नव्हता, लोंढाही नव्हता. "हुकणं चालेल मला. माझंच बोलणं तसं आहे. पण हुकलं की तिथंच थांबवायचं मला, अर्ध्या वाक्यात. भरायचं नाही. परत भरलंत तर दुसऱ्या दिवशी येऊ नका. आणि थांबवता येत नसेल, तर आजच सांगा." थांबवणं, तेच खालाला जमत नव्हतं. सोळा वर्षांपूर्वी मान खाली घातली होती, ती अजून खालीच होती. घरातसुद्धा तिनं सासूला कधी थांबवलं नव्हतं, ते मी भिंतीतून बारा वर्षं ऐकत आले होते.

रिक्षात मी पैज लावली. शनिवारी अतुलचं शेवटचं म्हणणं होतं, आणि ते साक्षीसारखं सरांकडून नाही, थेट त्याच्या तोंडून लिहायचं होतं. तो एकदा सुटला की गाडीला ब्रेक नाही, सरही त्याला आवरत नाहीत. मी म्हटलं, तू त्याला थांबवणार नाहीस. नोकरी गेली तरी चालेल, पण तुझ्या तोंडून थांबा निघणार नाही. मी जिंकले तर तू द्वारकाबाईंची नक्कल करायची, द्वारकाबाईंसमोर. खालानं विचार केला. म्हणाली, मी जिंकले तर तू माझ्याकडं लघुलेखनाची पहिली चाळीस पानं काढायची. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर तिला हसवायला पैज लावली होती, पण जिंकणार याची मला खात्री होती.

शनिवारी तिचे हात परत गार होते. अतुल सुटला. तारखा, पाळ्या, नियमांचे आकडे, मशीन बंद ठेवून, नुकसान, राइट, राइट. खसखस त्याच्यामागं पळत होती. मी कानांनी तिचा पाठलाग करत होते. एक आकडा गेला, तिनं धरला. दुसरा धरला. मग खसखस ढिली पडली, दोन वेळा अडखळली आणि थांबली.

अतुल बोलतच होता. मी मनात मोजायला लागले. एक, दोन, तीन. आता पुढचं वाक्य धरेल आणि मागची जागा मोकळी राहील. चार. तिला उचकी लागली, मला ऐकू आली. पाच. त्या क्षणी मला माझी पैज नको होती. सहा.

"थांबा," खाला म्हणाली.

अतुल थांबला नाही, त्याला वाटलं दुसरं कुणी बोललं. ती परत म्हणाली, उचकीच्या मधून, "थांबा, साहेब. 'मशीन बंद ठेवून' च्या पुढचं माझं राहिलं. तिथून सांगा."

खुर्ची करकरली. इंद्रजीत सर म्हणाले, सांगा त्यांना, तिथून सांगा. अतुलनं गाडी मागं घेतली. त्या दुपारी खालानं त्याला आणखी तीन वेळा थांबवलं. चौथ्या वेळी त्याचं "राइट?" अर्ध्यातच तुटलं. नोकरी पक्की झाली का, हे सरांनी वेगळं सांगितलं नाही. सोमवारी दहाऐवजी साडेनऊला या, एवढंच म्हणाले.

चाळीस पानं म्हणजे सगळी रेघांची. 'प' ची रेघ बारीक, 'ब' ची तीच रेघ पण दाबून, ठळक. पानभर बारीक, पानभर ठळक, मग एकाआड एक. गप्प बसून. खाला ऑफिसातून आल्यावर चहा ठेवते, चष्मा लावते आणि माझी वही तपासते. आज एकोणीस पानं झाली होती. तिनं पेन्सिलीनं सहावं, अकरावं आणि चौदावं पान खोडलं. म्हणाली, ही ठळक नाही, ही ठळक नाही, आणि ह्या पानावर तू कुणाशी तरी बोलत होतीस. पुन्हा काढ.

चोवीस राहिली.